बहात्तरचा दुष्काळ, सात मिनिटं चाळीस सेकंद

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेतलं हे प्रकरण आहे. मी तिथे मराठी शिकवते. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव कुठेच दिलेलं नाही. एका कुटुंबाबद्दलचा जो भाग पुढे येतो, तो त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या होकारानंतरच इथे लिहिला आहे.

शाळेकडे एका लघुपट स्पर्धेचं पत्रक आलं. विषय ‘पाणी’, लांबी जास्तीत जास्त आठ मिनिटं, हातात सात आठवडे. नववीतली अकरा मुलं तयार झाली, सात मुली आणि चार मुलगे. घरच्या लग्नाबारशाच्या पलीकडे कुणी काही शूट केलेलं नव्हतं. साधनं म्हणजे पालकांचे तीन अँड्रॉइड फोन, संगणक कक्षातले चालू असलेले चार संगणक, एक प्रोजेक्टर आणि माझा लॅपटॉप. शाळेतलं इंटरनेट कधी असायचं, कधी नसायचं. भरवशाचं नेट म्हणजे माझ्या फोनचा हॉटस्पॉट.

पहिल्याच बैठकीत मुलांनी गोष्ट रचून आणली. एक मुलगा नळ उघडा टाकतो, रात्री त्याला स्वप्नात दुष्काळ दिसतो, दचकून उठतो आणि नळ बंद करतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण आपल्याकडं नळाला आठवड्यातनं एकदाच पाणी येतं. उघडा कुठला टाकायचा?”

अडचण कुठे होती

त्या प्रश्नाने पहिली गोष्ट तिथेच संपली. ती गोष्ट मुलांच्या गावची नव्हतीच. टीव्हीवरच्या आणि फोनवरच्या जाहिराती पाहून डोक्यात बसलेली ती गोष्ट होती. मी विचारलं, आपल्या गावात पाण्याची कुठली जागा आहे जिच्याबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने गावाच्या वरच्या अंगाच्या पाझर तलावाचं नाव घेतलं. गावात त्याला ‘बहात्तरचं तळं’ म्हणतात. बहात्तर म्हणजे काय, हे अकरांपैकी कुणालाच सांगता येईना. एकाला वाटायचं, ते बहात्तर फूट खोल असेल. खरं तर ते १९७२ च्या दुष्काळात, लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेलं तळं.

आता विषय सापडला होता, पण तो पन्नासहून जास्त वर्षं जुना. त्या काळचा गावातला एकही फोटो कुणाकडे नाही. तळ्यावर काम केलेली माणसं सत्तरीच्या पुढची, त्यातली बरीचशी गेलेली. मुलांना तो काळ माहीत नाही आणि मलाही तो फक्त आईकडून ऐकून ठाऊक. सात आठवड्यांत शोधायचं, आखायचं, शूट करायचं आणि जोडायचं होतं.

शोध: पडद्यावर काय मिळालं, काय नाही

मुलांनी अर्थातच आधी मोबाइलवर ‘१९७२ दुष्काळ’ टाकलं. मिळालं ते सगळं सर्वसाधारण, एकाचं दुसऱ्याने उचललेलं. म्हणून मी तीन गट केले आणि प्रत्येकाला एक ठरावीक काम दिलं.

पहिला गट सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमागे, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथामागे लागला. ते इंटरनेटवर उपलब्ध आहे. दोन दिवस मुलं १९७२ शोधत होती आणि काहीच सापडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकाला पहिल्या पानावरचं साल दिसलं: १९६३. दुष्काळाच्या नऊ वर्षं आधी छापलेल्या पुस्तकात दुष्काळ कसा सापडणार! मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. पुस्तक उघडलं की आधी ते कधी छापलं ते बघायचं, हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण ते कळलं त्या दिवशी.

मग राज्यपातळीवरची माहिती जमली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशपातळीवरचा रोजगार हमी कायदा त्यानंतर, २००५ साली आला. आपल्या तळ्यासारख्या कामांतूनच पुढे एवढा मोठा कायदा झाला, हे वाचून मुलांचा तळ्याकडे बघायचा सूरच बदलला.

दुसऱ्या गटाने गूगल अर्थवर तळं शोधलं. त्यात जुन्या वर्षांच्या उपग्रहचित्रांवर मागे जाता येतं. टाइमलॅप्स १९८४ पासूनचा आहे. वर्ष मागे सरकवत नेलं की तळं आक्रसतं, फुगतं, काही वर्षी नाहीसंच होतं. गटातल्या एका मुलाने विचारलं, थेट १९७२ चं चित्र का नाही? त्यातून कळलं की लँडसॅट या अमेरिकी मालिकेतला पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी, म्हणजे नेमका त्याच दुष्काळात, आकाशात गेला. पण त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवरच्या जवळपास ८० मीटरचा. आमचं तळं त्यात दोन-तीन ठिपक्यांत संपलं असतं. तो नाद सोडला, पण त्या मुलाने वहीत चौकटी आखून तीन ठिपक्यांचं तळं काढलं होतं, ते मी जपून ठेवलंय.

तिसरा गट माणसांकडे गेला. खरा खजिना तिथे होता.

मुलाखती आणि त्यांचं टंकन

पाच जणांच्या मुलाखती झाल्या, एकूण दोन तास चाळीस मिनिटं. दोन मुलाखती विशेष. एक आजी, तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या आणि तळ्याच्या कामावर खडी फोडायला गेलेल्या. दुसरे मुकादम आजोबा. हजेरीचं मस्टर त्यांच्याकडे असायचं.

आजींनी रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोबद्दल, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीबद्दल सांगितलं. “भाकर थापली की फाटायची. लेकरं तोंड फिरवायची.” कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे मजुरांना मिळणारं कोरडं खाणं, ती घ्यायला लागलेली रांग, उन्हात तापलेला हातोडा. बोलता बोलता त्यांनी उजवा तळहात मुलांपुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी कातडी अजून जाड, पिवळसर, चामड्यासारखी. एका मुलीने न विचारताच बोट लावून बघितलं आणि आजी हसल्या. फोन धरलेल्या मुलाने तेव्हा कॅमेरा चेहऱ्यावरून हातावर नेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मुलाखतींचा मजकूर लिहून काढताना मराठी बोलून टाइप करायची सोय वापरून बघितली. एका फोनवर रेकॉर्डिंग लावून दुसरा फोन समोर धरला, तर निम्मं काही कळेना. ‘मिलो’चं ‘मिळो’ झालं, सुकडीचं ‘सुखी’. मग एका मुलीनेच युक्ती काढली: कानात इअरफोन लावायचा, आजींचं एक वाक्य ऐकायचं आणि ते आपण फोनपुढे सावकाश बोलायचं. चुका एकदम कमी झाल्या. शिवाय त्या मुलीला आजींची मुलाखत जवळजवळ तोंडपाठ झाली. पुढे संकलनाच्या वेळी ‘ते कुठे म्हणाल्या’ असा प्रश्न आला की उत्तर तिच्याकडे असायचं.

दोघांच्या आठवणी मात्र जुळेनात. दिवसाची मजुरी किती मिळायची, यावर आजी एक आकडा सांगत, मुकादम दुसरा. मुलांना एक ‘खरा’ आकडा हवा होता. लेखी पुरावा हाती नसल्यामुळे लघुपटात आकडाच नको, असं ठरलं.

पहिला निर्णय: जुनी दृश्यं आणायची कुठून

माणसं बोलताना दाखवली, पण १९७२ दिसणार कसं? तीन पर्याय पुढे आले.

इंटरनेटवरचे जुने फोटो घेणं हा पहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बहात्तरच्या दुष्काळाचा फोटो’ म्हणून फिरणारं, हाडांचे सापळे झालेल्या माणसांचं एक चित्र मुलांनी आणलं. मी त्यांना गूगल लेन्सवर ते उलटं शोधायला लावलं. निघालं ते १८७६-७८ च्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाचं, विलोबी हूपर या इंग्रज अधिकाऱ्याने काढलेलं. जवळपास शंभर वर्षं आधीचं, दुसऱ्याच मुलखातलं. बहात्तरच्या दुष्काळात हाल प्रचंड झाले, पण तो वेगळा काळ होता आणि त्यात लोकांना काम देऊन जगवण्याचा मोठा प्रयत्न झाला होता. ते चित्र वापरलं असतं तर आमच्याच आजींच्या गोष्टीला खोटं पाडलं असतं.

दुसरा पर्याय एका मुलाने घरून करूनच आणला. एआयच्या एका मोफत अ‍ॅपमध्ये त्याने ‘१९७२, महाराष्ट्र, खडी फोडणाऱ्या बायका’ असं टाकलं होतं. चार चित्रं आली, बघत राहावीत अशी. मुलं भारावून गेली आणि खरं सांगायचं तर मीही. सहावारी साड्या, उलटा पदर, मागे निळं प्लास्टिकचं पिंप, हे लगेच लक्षात आलं नाही. ते दिसलं आजींना. फोन डोळ्यांजवळ धरून त्या म्हणाल्या, “ह्या कोण? इतकं पांढरं लुगडं नेसून खडी फोडायला कोण जातंय?” खाली ‘काल्पनिक चित्र’ असं लिहून वापरू, असं दोघा-तिघांचं म्हणणं होतं. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी चित्रं आणणारा मुलगाच म्हणाला, आजी समोर बसल्या असताना काल्पनिक बाई कशाला दाखवायची.

म्हणून तिसरा पर्याय उरला: जे आज आहे तेच दाखवायचं. आजींचा हात. तळ्याच्या भिंतीवरचे दगड. मुकादमांच्या माळ्यावरची गंजलेली पत्र्याची पेटी. आणि गूगल अर्थवर वर्षांमागून वर्षं आक्रसत जाणारं तळं, कोपऱ्यातलं श्रेयनाव न झाकता. माझ्या मते लघुपटातला सगळ्यांत चांगला निर्णय हाच होता.

आखणी आणि चित्रीकरण

एका सामाईक गूगल शीटमध्ये शॉटची यादी केली. शॉट क्रमांक, जागा, वेळ, कॅमेरा कुणाकडे, आवाज कसा घ्यायचा. घरी फोन नसलेल्या मुलांसाठी तिचीच छापील प्रत फळ्याशेजारी लावली. पहिल्या यादीत ६४ शॉट होते. तळ्यावर एकदा जाऊन आल्यावर ३१ उरले, कारण भिंतीवर दुपारी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि वाऱ्याने आवाजाचा चोथा होतो, हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं.

चित्रीकरणासाठी ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घेतलं, कारण त्यात प्रकाश आणि फोकस एका जागी बांधून ठेवता येतात. नाहीतर आजींच्या मागून कुणी दार उघडलं की फोन सगळं चित्र उजळ-काळं करत राहतो. आवाजासाठी दुसरा फोन आजींच्या पदराआड, छातीशी ठेवला. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे दोन्ही फाइली नंतर जुळवता येतात. तळ्यावर फोनला मऊ कापड गुंडाळून वारा थोडा तोडला.

संकलनाला शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. पहिल्याच दिवशी आजींचे ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ लागली. फोन सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाही, उजेडानुसार कमीजास्त करतो, हे त्याचं कारण. शॉटकट अशी फाइल उघडताना आधी बदलून घेण्याबद्दल विचारतं. आम्ही घाईत ‘नको’ म्हटलं होतं. सगळ्या फाइली बदलायला एक रात्र गेली. दुसरी चूक अशी की एका मुलीने तिचे शॉट व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखेच पाठवले. ते दाबून बारके झाले आणि प्रोजेक्टरवर पुसट दिसले. मूळ फाइल फोनमध्ये होती म्हणून केबलने परत घेता आली. तीच गोष्ट आणखी एका फोनच्या बाबतीत झाली नाही, त्याबद्दल शेवटी लिहिते.

जोडणीआधी एक काम कागदावर केलं. मुलाखतींचा मजकूर छापला, कात्रीने वाक्यं कापली आणि भिंतीवर चिकटवून क्रम लावला. तीन दिवस मुलं त्या भिंतीसमोर भांडत होती. लघुपट खरा तिथे तयार झाला.

दुसरा निर्णय: सुकडीचा मिनिट

मुलाखतीच्या शेवटी आजींनी एक गोष्ट सांगितली होती. घरी धाकटा दीर होता, कामावर येण्याच्या वयाचा नव्हता. आजी आपल्या वाट्याची सुकडी अर्धी खायच्या आणि अर्धी पदरात बांधून न्यायच्या. एकदा ते दिसलं आणि सगळ्यांसमोर बोलणी बसली. हे सांगताना त्या रडल्या नाहीत, आवाज फक्त बारीक झाला. कच्चा लघुपट पाहणारा प्रत्येक जण त्या मिनिटाला गप्प व्हायचा.

आजींची संमती आम्ही कॅमेऱ्यावर घेतली होती. तरी पाठवण्याआधी घरच्यांना दाखवू, असं मी ठरवलं. आजींच्या मुलाने सगळा लघुपट पाहिला, मुलांचं कौतुक केलं आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, ते तेवढं काढा. गावात आईला चोर म्हणतील.” मी समजावलं की बघणाऱ्याला कुणाला तसं वाटणार नाही. ते म्हणाले, “तुम्हाला नाही वाटणार.”

मुदतीला चार दिवस होते. मुलं चिडली. त्यांचं म्हणणं होतं की आजींची संमती आहे, मग मुलाला विचारायचंच कशाला? हा मुद्दा चुकीचा नव्हता. आजी सज्ञान आहेत, गोष्ट त्यांची आहे. दुसऱ्या बाजूने, लघुपट यूट्यूबवर गेला की तो परत येत नाही, आणि आजींना राहायचं आहे त्याच घरात. मी एकटीच पुन्हा आजींकडे गेले, फोन पिशवीत ठेवून. त्या म्हणाल्या, “मला काय वाटायचंय त्यात. पण त्याला नको वाटतंय तर राहू द्या.”

तो मिनिट काढला. भिंतीवरचा क्रम पुन्हा लावावा लागला, शेवट नव्याने शोधावा लागला आणि स्पर्धेची मुदत गेली. मुदत जाऊ दे, हा निर्णय अकरा मुलांनी हात वर करून घेतला. सात विरुद्ध चार. त्या चौघांशी मी नंतर वेगवेगळं बोलले, कारण त्यांचं दुःख खरं होतं.

निष्पत्ती

सात मिनिटं चाळीस सेकंदांचा लघुपट देवळाच्या सभामंडपात पांढऱ्या धोतरावर दाखवला. ते धोतर मुकादमांनीच दिलं. आजी पुढे खुर्चीवर बसल्या होत्या. शेवटचा शॉट त्यांचा हात आणि त्यावर खडी फोडल्याचा आवाज. तो आवाज मुलांनी तळ्याच्या भिंतीखाली स्वतः दगड फोडून घेतला होता. त्या आवाजाला मागच्या बायकांमधून कुणीतरी म्हणालं, “अगं, असाच यायचा.”

लघुपट संपल्यावर सहा जण पुढे आले, आमचंही घ्या म्हणून. त्यात दोघी जणी शेजारच्या वाडीतल्या होत्या, त्यांच्याबद्दल आम्हाला पत्ताच नव्हता. लघुपट यूट्यूबवर टाकला नाही. पेन ड्राइव्हवर प्रत्येक मुलाखत देणाऱ्याच्या घरी दिला, त्यांच्या पूर्ण मुलाखतीसह. आजींच्या मुलाने सुकडीचा भाग काढू नका, पेन ड्राइव्हवर राहू द्या, असं सांगितलं.

आज पुन्हा करायचं तर

संमती दोनदा घ्यायची: एकदा मुलाखतीआधी आणि एकदा जोडलेला लघुपट दाखवून. त्या दुसऱ्या भेटीसाठी आखणीतच एक आठवडा राखून ठेवायचा. आम्ही तो ठेवला नाही, म्हणून निर्णय मुदतीच्या तोंडावर आला आणि मुलांना तो संकटासारखा वाटला. आवाजाकडेही सुरुवातीपासून लक्ष दिलं असतं तर एका मुलाखतीतली दहा मिनिटं पंख्याच्या घरघरीत गेली नसती.

पण सगळ्यांत मोठी चूक दुसरीच. मिनिटभराच्या शूटिंगला साधारण १३० एमबी जागा लागत होती आणि तीनपैकी एक फोन कायम भरलेला असायचा. दुसऱ्या आठवड्यात त्या फोनमध्ये ‘जागा शिल्लक नाही’ असं आलं आणि मुलाने घाईत जुन्या फाइली पुसल्या. त्यात मुकादम आजोबांची पहिली मुलाखत गेली. तिची प्रत कुठेच नव्हती. रोज संध्याकाळी फोनमधलं सगळं लॅपटॉपवर आणि तिथून दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायचं, हा नियम मी त्यानंतर केला. तो पहिल्या दिवशी करायला हवा होता आणि ती जबाबदारी माझी होती, मुलाची नव्हे.

त्या मुलाखतीत आजोबांनी, कुणी न विचारता, सांगितलं होतं की बायका सुकडी पदरात बांधून न्यायच्या, सगळ्याच न्यायच्या, वरून अडवायचा हुकूम होता आणि ते तोंड फिरवून उभे राहायचे. ती फाइल असती तर आजींचा चेहरा न दाखवता ती गोष्ट लघुपटात आली असती, आणि ती एकट्या आजींची राहिली नसती.

आम्ही पुन्हा गेलो. आजोबांनी खुर्ची दिली, चहा दिला. फोन सुरू झाल्यावर मुलाने सुकडीबद्दल विचारलं. आजोबा थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “सांगितलं की मागं सगळं.” बाकीचं त्यांनी चार मिनिटांत आटोपलं.